उलट्या विमानाची तहान आणि ताप

विमानाच्या कसरती पाहण्यास जमलेल्या लोकांचें लक्ष सामान्यतः दोन गोष्टींकडे असतें : एक विमानाचे पंख आणि दुसरा आंत बसलेला वैमानिक. विमान सरळ वर चढतें, शिखरावर क्षणभर थबकतें, कुशीवर कलतें, पाठीवर उताणें होऊन धांवतें आणि गिरक्या घेत खालीं येतें. पाहणारांच्या तोंडून 'धन्य आहे या माणसाची!' असे उद्गार निघतात. ते यथार्थही असतात. परंतु या खेळांत तिसरा एक भिडू असतो आणि त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तो म्हणजे विमानाच्या नाकांत बसविलेलें इंजिन. वैमानिक उलटा झाला म्हणजे इंजिनही उलटें होतें. वैमानिकाला पट्ट्यांनीं घट्ट बांधून ठेवतां येतें. पण इंजिनाला लागणारें पेट्रोल व तेल यांना बांधून ठेवील असा पट्टा अद्याप कोणी विणलेला नाहीं. तीं द्रव्यें उसळतात, छताला जाऊन भिडतात, आणि नेमक्या हव्या त्या वेळीं हव्या त्या ठिकाणीं सांपडत नाहींत.

कसरतींत इंजिनाला दोन दुखणीं जडतात. पहिलें तहानेचें : टाकींत पेट्रोल असूनही तें घशापर्यंत पोंचत नाहीं. दुसरें तापाचें : अंगांत निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकण्यास पुरेसा वारा मिळत नाहीं. प्रवासी विमानाच्या शांत उड्डाणांत हीं दुखणीं क्वचितच डोकें वर काढतात. कसरतींत मात्र तीं क्षणोक्षणीं दाराशीं उभीं असतात. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत माणसानें त्यांवर कोणते उपाय शोधले आणि त्या उपायांसाठीं कोणती किंमत मोजली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभीं एक घरगुती उदाहरण घेणें सोयीचें होईल. लहान मुलें पाण्यानें अर्धी भरलेली बादली हातांत धरून जोरानें गरगर फिरवितात. बादली डोक्यावर येऊन पालथी होते, तरी पाण्याचा थेंब सांडत नाहीं. फिरविण्याचा वेग पुरेसा असला म्हणजे पाणी बादलीच्या तळाशींच दाबलेलें राहतें. विमान आकाशांत उभी कोलांटी घेतें तेव्हां हाच प्रकार घडतो. वर्तुळाच्या माथ्यावर वैमानिकाचें डोकें जमिनीकडे असतें. तरीही तो आपल्या बैठकीवर दाबला जातो, आणि टाकींतील पेट्रोलही टाकीच्या तळाशींच राहतें. आपण उलटें झालों आहों याचा इंजिनाला पत्ताही लागत नाहीं.

याच्या उलट दुसरा अनुभव आहे. मोटार एखाद्या कमानदार पुलावरून वेगानें गेली म्हणजे पोटांत गोळा उठतो आणि माणूस बैठकीवरून किंचित् उचलला जातो. विमान सरळ जात असतां वैमानिकानें हातांतील दांडा एकाएकीं पुढें ढकलला, तर हाच अनुभव कितीतरी पट तीव्रतेनें येतो. येथें विमान उलटें झालेलें नाहीं. तरी पेट्रोल टाकीच्या तळापासून सुटून छताकडे धांव घेतें. यावरून पहिला धडा मिळतो तो असा, कीं वर कोणतें आणि खालीं कोणतें हें पेट्रोल जमिनीकडे पाहून ठरवीत नाहीं. भार ज्या दिशेनें पडेल ती त्याची खालची बाजू. वैमानिकांच्या परिभाषेंत पृथ्वीच्या नेहमींच्या आकर्षणाला एक 'जी' असें म्हणतात. बैठकीकडे दाबणारा भार तो धन, आणि बैठकीवरून उचलणारा तो ऋण. एक्स्ट्रा ३०० या जर्मन बनावटीच्या कसरती विमानाची बांधणी, आंत एकच माणूस असतां, धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंनीं दहापट भार सोसण्याजोगी केलेली आहे. म्हणजे एका निमिषांत दहापट जड झालेलें पेट्रोल दुसऱ्या निमिषांत तितक्याच जोरानें उलट दिशेस आदळूं शकतें. अशा पेट्रोलाचा अखंड आणि मोजका प्रवाह इंजिनास पुरवावयाचा, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न विमानविद्येच्या बाल्यावस्थेंतच उभा राहिला. १९१३ च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस फ्रान्समध्यें आडोल्फ पेगू यानें ब्लेरिओ विमान उलटें करून दाखविलें. त्याच महिन्याच्या ९ तारखेस कीव्ह शहरीं प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन लष्करी अधिकाऱ्यानें न्यूपोर जातीच्या एकपंखी विमानांतून जगांतील पहिली उभी कोलांटी घेतली. सरकारी मालमत्ता धोक्यांत घातली म्हणून त्याला प्रथम दहा दिवसांची अटक फर्माविण्यांत आली आणि मागाहून ती रद्द होऊन बढती मिळाली. नेस्तेरोव्हच्या विमानाचें नोम इंजिन आजच्या इंजिनांहून अगदीं निराळ्या धाटणीचें होतें. त्यांत मधला दांडा स्थिर असे आणि त्याभोंवतीं सर्व सिलिंडर पंख्यासह चक्राकार फिरत. फिरण्याच्या योगानेंच त्यांना वारा लागे आणि ते थंड राहत. पेट्रोलांत सहजासहजीं विरघळत नाहीं म्हणून वंगणासाठीं आपल्या घरोघरीं परिचित असलेलें एरंडेल त्यांत वापरीत. तें एकदां उपयोगांत आलें कीं धुरावाटे बाहेर फेंकलें जाई. तेल उलट्या विमानांत कोठें सांठेल ही चिंताच त्या यंत्राला नव्हती, कारण तेथें सांठविण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु एवढें मोठें वजन गरगर फिरविणारें यंत्र फार मोठें करतां येईना. पहिलें महायुद्ध संपतांच त्याचा काळ मागें पडला आणि स्थिर सिलिंडरांचीं इंजिनें सर्वत्र रूढ झालीं. त्यांच्याबरोबर कार्ब्युरेटर नांवाची वाटीही पक्की झाली.

पेट्रोल आणि हवा यांचें योग्य मिश्रण करून सिलिंडरांना पुरविणें हें कार्ब्युरेटरचें काम. त्याच्या वाटींत पेट्रोल सांठतें आणि त्यावर एक पोकळ गोळा तरंगत असतो. पेट्रोलाची पातळी वाढली कीं गोळा वर येऊन सुईसारख्या झडपेनें येण्याची वाट बंद करतो. पातळी उतरली कीं वाट उघडते. घरांतील पाण्याच्या टाकीवरचा गोळ्याचा नळ याच तत्त्वावर चालतो. ही योजना साधी आहे, स्वस्त आहे आणि सरळ उड्डाणांत निर्दोष आहे. परंतु ती सर्वस्वीं वजनाच्या भरंवशावर चालते. वाटी पालथी झाली कीं तिचा हिशेब चुकतो.

१९३१ सालीं आलेलें टायगर मॉथ हें दुपंखी शिकाऊ विमान या मर्यादेचें चांगलें उदाहरण आहे. इंग्लंडांत आणि हिंदुस्थानांतही असंख्य वैमानिकांनीं पहिले धडे याच विमानावर गिरविले. त्याची पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागीं असते. तेथून पेट्रोल केवळ स्वतःच्या भारानें खालीं इंजिनांत उतरतें. पंप नाहीं कीं गुंतागुंत नाहीं. या विमानाची कोलांटी सुंदर होते, कारण कोलांटींत बादलीचा न्याय लागू पडतो. पण तें पाठीवर उताणें करून तसेंच ठेविलें कीं टाकी खालीं आणि इंजिन वर अशी स्थिति होते आणि इंजिन मुकाट्यानें थांबतें. शिकाऊ विमानांत हा दोष चालण्यासारखा होता. शिक्षक व शिष्य तो गृहीत धरून पुरेशा उंचीवर उडत. पण तोच दोष युद्धांतील विमानांत शिल्लक राहिला, तेव्हां त्याची किंमत माणसांच्या प्राणांनीं मोजावी लागली.

१९४० च्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या आकाशांत स्पिटफायर व हरिकेन हीं ब्रिटिश विमानें मेसरश्मिट १०९ या जर्मन विमानाशीं झुंजत होतीं. ब्रिटिश विमानांत रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन इंजिन होतें : बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर घनफळ आणि हजाराहून थोडी अधिक अश्वशक्ति. जर्मन विमानांत डाइम्लर-बेंझचें इंजिन होतें आणि त्यांत कार्ब्युरेटर नव्हता. पंपाच्या दाबानें प्रत्येक सिलिंडरमध्यें पेट्रोलाची पिचकारी मारली जाई. पाठीमागें शत्रु लागला कीं जर्मन वैमानिक दांडा पुढें ढकलून सरळ खालीं सूर मारी. ब्रिटिश वैमानिक तसेंच करूं जाई तों त्याचें इंजिन ठसके देऊं लागे. प्रथम वाटींतील पेट्रोल वर उसळून पुरवठ्याच्या छिद्रांपासून दूर जाई आणि इंजिन उपाशी पडे. लगेच दुसरें संकट येई. तरंगता गोळा उलट्या भारानें चुकीच्या बाजूस जाऊन झडप सताड उघडी टाकी, पंप पूर्ण जोरानें पेट्रोल लोटी, आणि उपाशी इंजिन आतां अजीर्णानें गुदमरे. काळा धूर सोडीत शक्ति नाहींशी होई. हा सर्व प्रकार थोड्या सेकंदांचा. पण हवाई झुंजींत तेवढ्या सेकंदांत शत्रु निसटे, किंवा उलट पाठलाग चालू असला तर गांठी. म्हणून ब्रिटिश वैमानिकांनीं एक युक्ति अंगवळणीं पाडून घेतली होती. खालीं सूर मारण्यापूर्वीं ते विमान अर्धी गिरकी देऊन उताणें करीत आणि मग दांडा ओढून खालीं वळत. असें केल्यानें भार धनच राही व बादलीचा न्याय टिके. पण त्यांत वेळ जाई.

मग रोल्स-रॉइसच्या कुशल कारागिरांनीं पिचकारीची पद्धत आधींच कां स्वीकारली नाहीं, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर या विषयाच्या गाभ्याशीं जाऊन पोंचतें. मर्लिनमध्यें कार्ब्युरेटर हवा दाबणाऱ्या चक्राच्या अगोदर बसविलेला होता. पेट्रोल वाफ होतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतें. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच हें कारण. त्यामुळें दाबयंत्रांत जाणारी हवा सुमारें २५ अंश सेंटिग्रेडनें थंड होई. थंड हवा अधिक दाट, आणि दाट हवा म्हणजे अधिक शक्ति. सारांश, जो कार्ब्युरेटर उलट्या भारांत दगा देई तोच सरळ उड्डाणांत इंजिनाची शक्ति वाढवी. तहान आणि ताप यांपैकीं एकाची सोय पाहतांना दुसऱ्याची गैरसोय पत्करलेली होती. हा मूर्खपणा नव्हता. तो सौदा होता.

या सौद्यांतील तोटा कमी केला तो फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या संशोधनसंस्थेंतील बिएट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीनें. १९०९ सालीं हँपशरमध्यें जन्मलेल्या शिलिंगबाईंनीं मँचेस्टर येथें विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. मोटारसायकलींच्या शर्यतींतही त्यांचा लौकिक होता. १९३४ मध्यें ब्रुकलंड्सच्या धांवपट्टीवर ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें फेरी पूर्ण केल्याबद्दल त्यांना सुवर्णतारा मिळाला होता. १९३६ मध्यें त्या फार्नबरोस आल्या. मर्लिनचा दोष अभ्यासतांना त्यांनीं असें पाहिलें, कीं उपासमारीपेक्षां अजीर्णच अधिक घातक आहे. इंजिन पूर्ण शक्तीनें चालत असतां त्याला जेवढें पेट्रोल लागतें त्याहून अधिक पेट्रोल वाटींत कधीं येऊंच दिलें नाहीं, तर झडप सताड उघडली तरी पूर येणार नाहीं. त्यासाठीं त्यांनीं पेट्रोलच्या नळींत बसविण्याजोगा एक लहानसा पितळी तुकडा तयार करविला. त्याच्या मध्यभागीं अगदीं मोजून पाडलेलें छिद्र होतें. विमान कारखान्यांत न पाठवितां तळावरच तो बसवितां येई. १९४१ च्या आरंभीं शिलिंगबाई आपल्या लहानशा तुकडीसह हवाई तळामागून हवाई तळ हिंडल्या आणि मार्च महिन्यापर्यंत लढाऊ पथकांतून ही दुरुस्ती झाली. वैमानिकांनीं त्या तुकड्याला 'मिस् शिलिंगचें छिद्र' असें थट्टेचें पण कृतज्ञतेचें नांव दिलें. या छिद्रानें विमानाला दीर्घकाळ उताणें उडतां येऊं लागलें असें मात्र नाहीं. तेवढ्यासाठीं दाबावर चालणाऱ्या नव्या कार्ब्युरेटरची १९४३ पर्यंत वाट पाहावी लागली. पण जो आजार प्राण घेत होता तो पैशाच्या आकाराच्या वस्तूनें आटोक्यांत आला. शिलिंगबाई १९९० मध्यें निवर्तल्या.

युद्धानंतर कसरतींची कला स्पर्धांच्या रूपानें वाढली. १९६० सालीं ब्रातिस्लावा येथें पहिली जागतिक कसरत-स्पर्धा भरली आणि ती लादिस्लाव्ह बेझाक या चेक वैमानिकानें झ्लिन विमानांतून जिंकली. आतां उताणें उडणें हा अपवाद न राहतां खेळाचा नित्य भाग झाला, आणि इंजिनें त्यासाठींच घडविलीं जाऊं लागलीं. अमेरिकेंतील लायकॉमिंग कंपनी आपल्या कसरती इंजिनांच्या नांवामागें 'ए. ई.' हीं अक्षरें लावते. एक्स्ट्रा ३०० मधील इंजिन याच जातीचें आहे. त्याला समोरासमोर आडवे असे सहा सिलिंडर असून त्याची शक्ति ३०० अश्वांची आहे. येथें तरंगत्या गोळ्याची वाटी मुळींच नाहीं. पंप पेट्रोलला दाब देतो, एक मापयंत्र तें मोजतें, आणि प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या वाटेवर बारीक तोटींतून त्याचा फवारा सुटतो. विमान कोणत्याही बाजूस कलंडलें तरी दाबाखालचा प्रवाह ढळत नाहीं.

पण पंप झाला तरी त्याच्या नळीचें तोंड पेट्रोलांत बुडालेलें पाहिजे. त्यासाठीं टाकींत एक लवचिक नळी सोडलेली असते आणि तिच्या टोकाला वजन बांधलेलें असतें. ज्या भारानें पेट्रोल एका बाजूस जातें त्याच भारानें हें टोकही तिकडेच झुकतें. जणु पाण्यामागें फिरणारें तहानेलें जनावर. ही युक्ति दिसावयास बालिश वाटते. पण आजच्या अनेक कसरती विमानांचा उलट्या उड्डाणांतील प्राण तिच्यांत गुंतलेला आहे. तिलाही वार्धक्य येतें. वर्षानुवर्षें पेट्रोलांत राहून नळी ताठर होते, टोक वळेनासें होतें आणि टाकी अर्धी भरलेली असतांही पंप हवा ओढूं लागतो. म्हणून जाणता मिस्त्री ती वेळच्या वेळीं तपासतो आणि शंका आली कीं बदलून टाकतो.

पेट्रोल किती घ्यावें, हाही कसरतींत मोठा नाजूक प्रश्न आहे. प्रवासाला निघणारा वैमानिक टाक्या कांठोकांठ भरतो. कसरतीस निघणारा मोजून घेतो. पन्नास लिटर पेट्रोलाचें वजन सुमारें ३६ किलो भरतें. पण दहापट भाराच्या वळणांत तेंच ३६० किलोंसारखें विमानाच्या अंगावर पडतें. पंखांत वजन असलें तर गिरकीही जड होते. म्हणून एक्स्ट्रा विमानांत पंखांतील टाक्या केवळ प्रवासापुरत्या आहेत. कसरत त्या रिकाम्या असतांनाच करावयाची आणि मधल्या लहान टाकीवर भागवावयाचें, असा नियम आहे. इकडे पूर्ण शक्तीनें चालणारें हें इंजिन तासाला शंभर लिटरांच्या आसपास पेट्रोल पितें. हलकें विमान हवें म्हणून पेट्रोल कमी घ्यावें, तर नळीचें टोक उघडें पडण्याचा धोका. भरपूर घ्यावें, तर कसरत बोजड होते. जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च श्रेणींत जमिनीपासून अवघ्या १०० मीटर उंचीपर्यंत कसरत करण्यास मुभा असते. त्या उंचीवर इंजिन थांबलें तर विचार करण्यास सवड नसते. म्हणून कुशल वैमानिक कांट्यावर सर्वस्वीं विसंबत नाहीं. कारण टाकींत उसळणारें पेट्रोल कांट्यालाही फसवितें. तो जमिनीवर मोजलेलें माप आणि मनगटावरचें घड्याळ यांवर हिशेब ठेवतो.

पेट्रोलाची जी कथा तीच तेलाची, आणि एका अर्थानें अधिक गंभीर. पेट्रोल थांबलें तर इंजिन बंद पडतें; पुन्हां मिळालें कीं पंखा फिरत असल्यास तें सुरूही होतें. तेल थांबलें तर धातूवर धातु घासून इंजिनच नाश पावतें. नेहमींच्या इंजिनांत तेल तळच्या परातींत सांठतें. विमान उताणें झालें कीं परात रिकामी होऊन तेल माथ्यावर जमतें आणि तेलाचा पंप हवा गिळूं लागतो. यासाठीं कसरती इंजिनांत तेल उचलण्याच्या वाटा दोन ठेवतात, एक खालून व एक वरून. आणि त्यांमध्यें जड गोळ्यांची झडप असते. भार बदलला कीं गोळे घरंगळतात, एक वाट मिटते आणि दुसरी उघडते. तरी विमान नाक सरळ वर किंवा सरळ खालीं करून जातें तेव्हां तेल धड तळाशीं नसतें कीं धड माथ्यावर. त्या वेळीं दाबाचा कांटा क्षणभर लवतो. अनुभवी वैमानिकाला तो क्षण ठाऊक असतो. तो लांबूं न देणें हें त्याच्या हातीं असतें. अनेक विमानांत पंख्याच्या पात्यांचा कोन याच तेलाच्या दाबानें बदलतो. कसरती पंख्यांच्या पात्यांना म्हणून प्रतिभार जोडतात : तेलाचा दाब गेला तरी पातीं अशा कोनांत वळतात कीं पंखा बेफाम फिरूं नये.

आतां तापाकडे वळावें. पेट्रोल जाळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा तिसरा हिस्साही पंख्यापर्यंत कामाच्या रूपानें पोंचत नाहीं. उरलेली बहुतेक धुराड्यांतून निघून जाते. पण बराच भाग सिलिंडरांच्या अंगांत मुरतो आणि तो काढून टाकावा लागतो. मर्लिनसारख्या इंजिनांत हें काम द्रव करी. आरंभीं त्यासाठीं शुद्ध ग्लायकॉल वापरीत. त्याचा उत्कलनबिंदु १९७ अंशांच्या सुमारास असल्यानें तें पाण्याप्रमाणें लवकर उकळत नसे. पुढें दाबाखालीं ठेविलेलें पाणी व ग्लायकॉल यांचें मिश्रण आलें. पण द्रवाची उष्णता अखेर हवेलाच द्यावयाची असते, आणि तेथें वेग लागतो. पहिल्या स्पिटफायरचा रेडिएटर उजव्या पंखाखालीं होता. उड्डाणांत तो उत्तम काम देई. पण जमिनीवर फार वेळ रेंगाळल्यास वारा न मिळून ग्लायकॉल उकळूं लागे. युद्धाच्या वेळीं ज्या वैमानिकाला धांवपट्टीवर आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागे, त्याची एक नजर नेहमीं तापमानाच्या तबकडीवर खिळलेली असे.

आजचीं बहुतेक कसरती इंजिनें थेट हवेनें थंड होतात. सिलिंडरांभोंवतीं पातळ धातूचे पंखे, म्हणजे कडीं, बसविलेलीं असतात. नाकाच्या दोन भोंकांतून शिरलेली हवा सिलिंडरांच्या वर कोंडली जाते, तेथून कड्यांच्या फटींतून खालीं उतरते आणि उष्णता घेऊन मागून बाहेर पडते. वारा मोकळ्या वाटेनें निसटूं नये म्हणून पत्र्याचे व रबराचे आडोसे लावलेले असतात. त्यांतील एखादा रबरी पट्टा दुमडला वा फाटला तरी वारा सोप्या वाटेनें पळतो आणि मागचा सिलिंडर भाजूं लागतो.

प्रवासी विमानांत हवेचा वेग तासन् तास सारखा असतो. कसरतींत तो घटकेंत दोनशें मैलांवर आणि घटकेंत शून्यावर येतो. विमान पूर्ण शक्तीनें सरळ वर चढतें तेव्हां इंजिन सर्वांत अधिक उष्णता निर्माण करतें, आणि त्याच वेळीं वेग मंदावत जाऊन वारा नाहींसा होतो. शिखरावर पोंचलेलें विमान टाळ्यांच्या कडकडाटांत थबकतें, तेव्हां त्याचे सिलिंडर तापानें फणफणत असतात. लगेच तें नाक खालीं करून सूर मारतें. आतां वैमानिकानें शक्ति एकदम कमी केली तर अग्नि मंद आणि वारा प्रचंड अशी उलट स्थिति होते. तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतावें त्यासारखा हा प्रकार. लायकॉमिंग कंपनीनें आपल्या इंजिनांसाठीं सिलिंडरच्या माथ्याची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट ठरविली आहे, आणि तापमान मिनिटाला ५० अंश फॅरनहाइटहून अधिक वेगानें उतरूं देऊं नये, असा सल्ला दिला आहे. धातु तापतांना प्रसरण पावतो व निवतांना आकुंचन पावतो. सर्व भाग सारख्या वेगानें निवाले नाहींत तर ओढाताण होऊन तडे जाण्याचें भय असतें. म्हणून चांगला वैमानिक शक्ति एकदम सोडीत नाहीं. कसरतींच्या दोन माळांच्या मध्यें तो सरळ व सावकाश उडून इंजिनाला श्वास घेऊं देतो, आणि उतरण्याच्या वाटेवर शक्ति पायरीपायरीनें कमी करतो.

या ठिकाणीं तहान आणि ताप हीं दोन दुखणीं एकमेकांस भेटतात. पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें पंधरापट हवा लागते. काटकसरी प्रवाशाला हें प्रमाण हितावह. पण पूर्ण शक्तीच्या वेळीं मुद्दाम अधिक पेट्रोल दिलें जातें. तें जादा पेट्रोल जळत नाहीं. तें वाफ होतांना उष्णता शोषून सिलिंडरला निववितें. म्हणजे पेट्रोल हें इंजिनाचें अन्न तसेंच पाणीही आहे. पेट्रोल वाचविण्याच्या मोहानें भर कसरतींत मिश्रण पातळ करणारा मनुष्य थोड्या लिटरांसाठीं सिलिंडर भाजून घेतो. उलट बाजूनें, ताप वाढला कीं तहानही वाढते. इंजिन बंद करून विमान उन्हांत उभें राहिलें, कीं आवरणाखालची उष्णता पेट्रोलच्या नळ्यांत शिरते, पेट्रोलची वाफ होते आणि पुन्हां इंजिन सुरू करतांना पंपाला द्रवाऐवजीं बुडबुडे मिळतात. पुरवठ्याची वाट अशी वाफेनें कोंडली कीं भरलेली टाकीही निरुपयोगी ठरते. एकाचा उपाय करतांना दुसऱ्याला विसरतां येत नाहीं, तें याच कारणानें.

या गोष्टी केवळ परदेशी स्पर्धकांच्या हौसेपुरत्या नाहींत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें बांधलेलें एच्. पी. टी.-३२ 'दीपक' हें विमान याच लायकॉमिंग घराण्यांतील कसरती इंजिनावर चाले, आणि भारतीय हवाई दलाच्या नवशिक्या वैमानिकांचें तें पुष्कळ वर्षें पहिलें विमान होतें. हवेंत इंजिन बंद पडण्याच्या घटनांनीं त्याचें नांव झांकोळलें. २००९ च्या जुलै अखेरीस एका अपघातांत दोन वैमानिक मृत्युमुखीं पडल्यावर या विमानांचें उड्डाण थांबविण्यांत आलें, आणि २०१३ मध्यें त्याच्या जागीं निराळ्या जातीच्या, टर्बाइन इंजिनाच्या स्विस विमानांचा स्वीकार झाला. शिकणारा मुलगा आणि शिकविणारा गुरु यांना इंजिनाच्या अखंड चालण्यावर किती भिस्त ठेवावी लागते, हें अशा प्रसंगीं कळून येतें.

पितळी तुकड्याचें एक छिद्र, वजन बांधलेली नळी, घरंगळणारे गोळे, रबराचा एक पट्टा : आकाशांतील नेत्रदीपक खेळ अशा क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूंच्या खांद्यावर उभा आहे. त्यांतील एकही वस्तु प्रेक्षकाला दिसत नाहीं, आणि एकीनेंही आपलें काम चुकविलें तर मात्र सर्वांना दिसतें. म्हणून कसरतीच्या आधल्या सायंकाळीं हातांत दिवा घेऊन इंजिनाचें आवरण उघडणारा, नळीचें टोक बोटानें हलवून पाहणारा आणि रबराच्या फटी चांचपणारा मिस्त्री हा त्या खेळाचा अर्धा खेळाडू समजला पाहिजे. विमान सुखरूप उतरून पंखा थांबल्यावर वैमानिक आधीं त्याच्याकडे वळतो आणि तापमानाचे आंकडे सांगतो. टाळ्या त्यानंतर.